स्वरूपाताईचा रिपोर्ट

तळहातावर डाग उठले तेव्हा दिग्विजय फडतरेनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर कंपनीत तक्रार केली. आज कुणालाही हसू येईल, पण तेव्हा कुणी हसलं नाही. चाकणच्या एमआयडीसीत गियर बनवणारी कंपनी, आणि दिग्विजय तिथं सीएनसी मशीनवर. मशीन चालू असलं की हत्यारावर दुधासारखं पांढरट कूलंट सारखं पडत असतं, आणि जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, काढताना-लावताना ऑपरेटरचे हात त्यात बुडतात. हात खराब होणं तिथं कुणाला नवीन नाही. म्हणून तांबूस डाग दिसल्यावर अख्ख्या लाइनीनं एकच निकाल दिला: कूलंट.

त्यात हा पडला पुढारी. सेफ्टी कमिटीच्या मीटिंगमध्ये त्यानं दोन्ही तळहात प्लँटच्या साहेबाच्या नाकासमोर धरले आणि म्हणाला, "साहेब, मशीनला तेल-पाणी वेळेवर मिळतं. आम्ही काय माणसं नाही का?" साहेब खुर्चीसकट मागं सरकला. पुढच्या महिन्यात कूलंट बदललं, सगळ्यांना नवे हातमोजे आले. शेजारच्या मशीनवरचा हिंदुराव, इथल्याच गावचा जुना माणूस, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वाघ हाय आपला दिगू, वाघ!" नोटीस बोर्डावर वाघाचा फोटो लागला, दोन्ही तळहात पुढं केलेला. त्या फोटोखालून जाताना पुढं त्याला किती वेळा मेल्याहून मेल्यासारखं झालं, ते त्याचं त्यालाच माहीत.

कारण कूलंट बदललं आणि डाग होते तिथंच राहिले.

शेवटी बायकोनं, वर्षालीनं, मागं लागून त्याला चिंचवडला कातडीच्या डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टर पद्मा मॅडम. दिग्विजयनं बसल्या बसल्या कूलंटवर भाषण सुरू केलं. मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"खाज येते का?"

"खाज नाही मॅडम. नुसते डाग."

"बूट काढा."

"मॅडम, हाताला आहे."

"ऐकलं मी. बूट काढा, मोजेही काढा."

तळपायांवर तसेच डाग होते. त्यानं ते बघितले नव्हते असं नाही. बघितले होते आणि मोजे घातले होते.

"कंपनीत सेफ्टी शूज घालता ना?" मॅडम म्हणाल्या. "मग आत कूलंट कुठून शिरलं?"

दिग्विजयनं मोजे परत चढवले. रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. सिफिलिस. गावाकडं ज्याला दबक्या आवाजात गरमी म्हणतात, ती. चाकण चौकातल्या मुतारीत गुप्तरोगाच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, त्या मित्रांना मोठ्यानं वाचून दाखवण्यात हाच सगळ्यांच्या पुढं असायचा. मॅडम सांगत होत्या की घाबरू नका, इंजेक्शननं हा आजार पूर्ण बरा होतो, एचआयव्हीची टेस्ट निगेटिव्ह आहे पण तीन महिन्यांनी परत करायची. त्याच्या कानात नुसतं घूं घूं होत होतं.

"संबंध कुणाकुणाशी आले ते मला सांगावं लागेल. त्यांनाही औषध द्यायला हवं, नाहीतर फिरून तुम्हालाच होईल," मॅडम म्हणाल्या, आणि चहा की कॉफी विचारावं तितक्या सहज त्यांनी विचारलं, "बाईशी की पुरुषाशी?"

"काय मॅडम!" दिग्विजय जवळजवळ उठलाच. "मी तसला वाटतो का तुम्हाला?"

आता तो कसला होता हे सांगायलाच हवं, कारण ते त्यानं स्वतः स्वतःलासुद्धा कधी धड सांगितलं नव्हतं. साताऱ्याकडच्या माणमधून पहिल्यांदा इकडं कामाला आला तेव्हा तळवड्यात चौघांत मिळून एक खोली होती. दोघं पांगले, मागं राहिले दिग्विजय आणि रविराज. रविराज डाय म्हणजे साचे बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता, अबोल, हाताचा नेमका. त्या खोलीत जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. मग दिग्विजयचं लग्न ठरलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती हो. फलटणला मुलगी बघायला गेला, वर्षालीनं पोह्यांची बशी देता देता "लिंबू पिळू का?" असं विचारलं, आणि गडी तिथंच आडवा झाला. बायको त्याला मनापासून आवडायची. रात्री तिच्याकडं वळायचा तो काही नाटक म्हणून नाही. आणि शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की पाय तळवड्याकडं वळायचे, तेही नाटक नव्हतं. रविराजनं एकदा मोबाइलवर वाचून शब्द सांगितला होता, बायसेक्शुअल. "असतात लोक असे दिग्या, दोन्हीकडं ओढ असलेले. आपण काही आभाळातून पडलो नाही." दिग्विजय भडकला होता. "असली नावं मला ठेवू नको." त्याच्या लेखी त्याला नाव नव्हतं. मित्र, मस्ती, शनिवार. आणि ज्याला नावच नाही त्याला निरोध तरी कशाला? निरोध 'तसल्या' बायकांकडं जाणाऱ्यांनी वापरायचा. मित्राकडून कसला आलाय रोग! शिकलेला, सेफ्टी कमिटीवरचा माणूस, मशीनचं झाकण उघडं दिसलं की दुसऱ्याला झापणारा, आणि स्वतःची अक्कल ही एवढी.

रोग रविराजकडून याला आला की याच्याकडून त्याला, की दोघांतल्या कुणाच्या तिसऱ्याच चुकीतून, याचा शोध पुढंही लागला नाही. दिग्विजयनं मॅडमना खाली बघत सांगितलं, "एक बाई आहे. बाहेरची."

आणि गंमत बघा, ते बोलल्यावर त्याला थोडं हलकंच वाटलं. बाहेरची बाई म्हणजे काय, पुरुषाचा पाय घसरला. चारचौघं तोंडावर छी-थू करतात आणि पाठीवर थाप मारतात. ती लाज त्याला पेलणार होती. दुसरी नाही.

"त्या बाईंना पाठवून द्या माझ्याकडं," मॅडम म्हणाल्या. "आणि मिसेसना घेऊन या. दिवस गेलेत का त्यांना?"

"पाचवा महिना आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग आजच आणा. आता जा आणि घेऊनच या. हा आजार पोटातल्या बाळापर्यंत जातो."

वर्षाली घराजवळच्या बालवाडीत शिकवायची. त्यानं तिला शाळेच्या फाटकातूनच गाडीवर घेतलं आणि दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. बाई होती, चूक झाली, आता संपलं, तुला पण इंजेक्शन घ्यावं लागेल, बाळासाठी. एका दमात. वर्षालीनं कठडा धरला. खालून वर येणारी एक म्हातारी "चक्कर आली का गं बाळा?" म्हणून थांबली, तर वर्षाली म्हणाली, "नाही हो आजी, या तुम्ही वर." रक्त दिलं. मॅडमनी तातडीनं तपासायला लावलं, तासाभरात तिचाही रिपोर्ट पॉझिटिव्हच आला. इंजेक्शन दुखरं असतं, माणसं कळवळतात. ती हूं की चूं न करता आडवी पडून राहिली. मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "वेळेत आलात. बाळावर लक्ष ठेवू आपण, पण वेळेत आलात." तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "कोण?"

त्यानं गाडीची किल्ली खुंटीला लावली.

"स्वरूपा ना? ती खानावळवाली? शनिवारची?"

आता स्वरूपाताई कोण, तर तळवड्यात रविराजच्या खोलीखाली जी खानावळ आहे, तिची मालकीण. लातूरकडची बाई. नवरा तिला इथं आणून सोडून निघून गेला, तर रडत न बसता तिनं चूल मांडली. कारखान्यांतल्या पोरांना ताट, आणि चाकणच्या कंपन्यांत डबे. हिंदुरावच्या घरी सून आली तरी त्याला डबा स्वरूपाताईचाच लागायचा. लग्नाआधी दिग्विजय तिथंच जेवायचा, आणि लग्नानंतर दर शनिवारी उशीर का झाला याचं त्याच्याकडं ठरलेलं उत्तर होतं: "स्वरूपाताईकडं जेवून आलो. तिच्या हातच्या भाकरीची सवय जात नाही गं." दर शनिवारी तेच. म्हणजे ते नाव बायकोच्या डोक्यात कुणी भरवलं? यानंच भरवलं, घासाघासानं.

"बोला ना. स्वरूपा ना?"

एक शब्द पुरला असता. नाही, एवढाच. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कोण? आणि दिग्विजय फडतरेनं मान खाली घातली.

बायकोनं त्या मानेचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. कुणीही तोच घेतला असता.

दुसऱ्या दिवशी तो मशीनवर असताना वर्षाली दुपारच्या जेवणाच्या वेळी खानावळीत गेली. दोन्ही लांबड्या टेबलांवर माणसं जेवत होती. जन्मात कुणाला अरे-तुरे न केलेली बाई, पण त्या दिवशी तळपायाची आग मस्तकाला गेली होती. "भवाने, माझ्या नवऱ्याला नादी लावलंस, माझ्या पोटातल्या लेकराला रोग दिलास, आणि त्याच हातानं ह्या सगळ्यांना भाकऱ्या वाढतेस?" स्वरूपाताईच्या हातात पीठ होतं. ती म्हणाली, "कुणाबद्दल बोलायलीस बाई तू?" वर्षालीनं नवऱ्याचं नाव घेतलं, रोगाचंही नाव घेतलं. स्वरूपाताईनं तोंड उघडलं, एकदा छताकडं बघितलं, आणि मिटलं. जेवणाऱ्यांनी हात आखडते घेतले. एकानं घास ताटात परत ठेवला.

बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? डबे बंद झाले. अन्नातून हा रोग होत नाही, मॅडमनी दिग्विजयला स्पष्ट सांगितलं होतं, पण ते लोकांना सांगणार कोण? जो जाणत होता त्याच्या तोंडाला कुलूप. हिंदुरावनं आपला डबा बंद केला आणि खंत करत बसला, "भाकर ग्वाड व्हती रं तिची. पर घरातली म्हंत्यात, न्हाई म्हंजी न्हाई." आणि बाकीचे चेकाळलेलेच. "काय राव दिगूभाऊ, आम्हाला वाटायचं तू नुसती भाकरीच खातोस तिथं!" पहिल्यांदा कुणीतरी हे म्हणालं तेव्हा दिग्विजय काय म्हणाला असेल?

तो हसला.

ओशाळं का होईना, पण हसला. पाठीवर थाप पडली. त्या दिवशी घरी येताना सिग्नल हिरवा झाला तरी तो निघाला नाही. गाडी कडेला घेऊन तो बराच वेळ नुसता उभा राहिला. आपण एका बाईला विकून खाल्लं, हे त्याला कळत होतं हो. कळत नव्हतं अशी त्याची पळवाट मी करून देणार नाही. पण उद्या बोलू, परवा बोलू, लोक विसरतील, असं करत त्यानं दिवस ढकलले. रविराजला तर त्यानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "रक्त तपासून घे. गरमीचं." आणि ठेवून दिला होता. घरात वर्षाली त्याला ताट वाढायची आणि आत जाऊन बसायची.

मग एका शनिवारी रविराजचा मेसेज आला. "खालच्या भिंतीवर काय लागलंय ते येऊन बघ."

तो गेला. खानावळ जवळजवळ रिकामी होती. कोपऱ्यात दोन नवखी पोरं, परराज्यातली, इथलं काही न समजणारी. भिंतीवर नेहमीचा फळा होता, खडूनं लिहिलेला: शेवग्याची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा. आणि फळ्याखाली, हात धुवायच्या बेसिनवर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा उंचीवर, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेला एक कागद चिकटवला होता. रक्ताचा रिपोर्ट. वर स्वरूपाताईचं नाव, वय. खाली आजाराचं नाव आणि पुढं 'नॉन-रिअॅक्टिव्ह', त्यावर पिवळ्या पेननं रेघ ओढलेली, जेवायला येणाऱ्यांना शोधावं लागू नये म्हणून.

बाईनं काय करायचं राहिलं होतं? आपल्या अंगात रोग नाही हे ज्वारीच्या भाकरीच्या किमतीसारखं भिंतीवर लावून तिला माणसं जेवायला बोलवावी लागत होती. आत ती भाकरी थापत होती. थप् थप् आवाज येत होता. तिनं वळून बघितलं नाही.

दिग्विजय जिना चढून वर गेला. रविराज खाटेवर बसला होता. चेहरा उतरला होता.

"इंजेक्शन घेतलंस?" दिग्विजयनं विचारलं.

"घेतलं. सरकारी दवाखान्यात गेलो. त्यांनी विचारलं कुणाशी, मी सांगितलं पुरुषाशी. त्यांनी लिहून घेतलं आणि इंजेक्शन दिलं. भूकंप झाला नाही." रविराज थोडा थांबला. "तू फोन केलास दिग्या, तर कसा आहेस म्हणून विचारलं नाहीस. तेही जाऊ दे. पण तू मला बाई केलंस. आणि ती बाई स्वरूपाताई झाली. मी आजारी होतो तेव्हा मला पेज करून आणून देणारी बाई आहे ती."

"मी नाव घेतलं नव्हतं तिचं. देवाशपथ नाही."

"नाही कुठं म्हणालास?"

खालून भाकरीची थप् थप् वर ऐकू येत होती.

"वर्षालीला सगळं सांग," रविराज म्हणाला. "माझ्या नावासकट सांग, तिचा तेवढा हक्क आहे. गावभर माझं नाव नको करू, तेवढा माझा हक्क आहे. पण तुझं तू बोल. नाहीतर मला खाली जाऊन बोलावं लागेल, आणि मला भीती वाटते रे. मला फार भीती वाटते."

दिग्विजय घरी आला तेव्हा वर्षाली मेथी निवडत बसली होती. तो तिच्यासमोर फरशीवर बसला.

"बाई नव्हती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"स्वरूपाताई नाही. कुठलीच बाई नव्हती. पुरुष होता."

तिनं मेथीची काडी हातात तशीच धरली. बाहेर पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी आउट झाल्याचा गलका झाला.

खानावळीच्या वर कोण राहतं ते तिला माहीत होतं. "रविराज भावोजी?"

त्याची मान आपोआप खाली गेली. आणि वर्षाली ओरडली, शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल अशी ओरडली.

"मान खाली घालू नको! मागं अशीच मान घातलीस तू, आणि मी जाऊन एका बाईचं वाटोळं करून आले. तोंड दिलंय ना देवानं? तोंडानं बोल!"

लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करायची. ते त्या क्षणी गेलं.

"हो," तो म्हणाला. "रविराज."

"मग माझ्याशी लग्न कशाला केलंस?"

"तू आवडलीस म्हणून."

"आणि तो?"

"तोही." तो म्हणाला. "खोटं वाटेल तुला. पण वर्षाली, दोन्ही खरं आहे. तुझ्याशी कधी नाटक केलं नाही मी. बाकी सगळं खोटं बोललो, हे एवढं खरं आहे."

तिनं मेथीची जुडी बाजूला सारली.

"तुझं-माझं काय करायचं ते मी नंतर बघेन. रडायचं तेही नंतर रडेन. आता माझ्या डोळ्यांपुढं ती बाई येतेय, पिठाचे हात घेऊन उभी असलेली. इंजेक्शननं रोग जाईल माझा. मी तिला जे बोलले ते कशानं जाईल?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी चार माणसांत बोलले. तू चार माणसांतच बोलायचं. उद्या रविवार आहे, माणसं गोळा कर."

त्यानं हिंदुरावला फोन केला. उद्या दुपारी लाइनीतल्या सगळ्यांना घेऊन स्वरूपाताईकडं ये, एवढंच सांगितलं. हिंदुरावला वाटलं, गड्यानं काहीतरी मिटवलं असेल, पार्टी देत असेल.

रविवारी माणसं आली. लांबड्या टेबलांवर सगळे बसले, थोडे अवघडून, एकमेकांना कोपरं मारत. रविराजही खाली आला आणि कडेच्या खुर्चीवर बसला. वर्षाली दारातच उभी राहिली. स्वरूपाताई स्वयंपाकाच्या कट्ट्याशी, हाताची घडी घालून. माणसं बघून तिच्या चेहऱ्यावर आशा नव्हती, नवीन काय वाढून ठेवलंय एवढंच होतं.

दिग्विजय बेसिनपाशी त्या रिपोर्टच्या शेजारी उभा राहिला. सेफ्टी कमिटीत साहेबाला गप्प करणारा वाघ.

"स्वरूपाताईचा यात काही संबंध नाही," तो म्हणाला. "रोग माझा. माझ्यामुळं बायकोला झाला. तिनं ताईंना बोल लावले ते माझ्या खोटेपणामुळं. बाई नव्हतीच कुठली. पुरुष होता."

एकजण खुदकन हसला. त्याला वाटलं, चेष्टा चाललीय. मग दिग्विजयचं तोंड बघून त्याचं हसू विरलं.

"कोण रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी माझं सांगितलं. दुसऱ्याचं सांगणार नाही."

रविराज ताटलीतल्या मिठाकडं बघत होता. मग लाइनीतला एक ऑपरेटर, ज्याला नव्या हातमोज्यांचा भारी अभिमान होता, हळूच म्हणाला, "म्हणजे... तुझे ते हात कूलंटनं नव्हते?"

"नाही."

त्याच्या जन्मात इतकी लाज त्याला कधी वाटली नसेल. पुरुष होता म्हणताना वाटली नाही एवढी 'नाही' म्हणताना वाटली. नोटीस बोर्डावरचे ते दोन तळहात सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आले होते, आणि त्याला ते दिसत होतं. दोघं-तिघं उठले. एकजण जाताना जमिनीवर थुंकल्यासारखं करून गेला. बाकीचे उठावं की बसावं या पेचात एकमेकांची तोंडं बघत राहिले.

हिंदुरावनं आपले हात टेबलावर पालथे घातले, उलटे-सुलटे करून बघितले.

"व्हय, पर माझं हात तर कूलंटनंच गेलं व्हतं की," तो म्हणाला. "नवं आलं आन् बरं झालं." मग तो स्वयंपाकघराकडं वळला. "ताई, चुकी झाली आमची. भाकर घाला."

वर्षाली तोवर बेसिनपाशी आली होती. तिनं नखानं रिपोर्टचा चिकटपट्टीचा कोपरा उचकटायला घेतला. पट्टी चिवट होती, भिंतीचा रंग घेऊन निघाली. तो कागद छातीशी धरून ती स्वरूपाताईसमोर गेली आणि वाकायला लागली, तर स्वरूपाताईनं तिचे दंड धरले. "पोटुशी बाईनं वाकू नये. तू नको. तुला जे सांगितलं तेच तू बोललीस." मग दोघी तिथंच कट्ट्याला टेकून रडल्या. बघणाऱ्यांनी ताटांत तोंडं घातली.

भाकऱ्या सुरू झाल्या. दिग्विजय अजून बेसिनपाशीच उभा होता, जावं की थांबावं ते न कळून. स्वरूपाताई हंड्यातलं पाणी घ्यायला म्हणून त्याच्या बाजूला आली.

"ताई, मला माफ..."

"मला कवाच ठाऊक होतं," ती पाणी काढता काढता हळू म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल असं. "दर शनिवारी वरचं दार लागतं, ते खालून दिसत नाही व्हय रे? छत माझंच आहे."

दिग्विजयनं वर छताकडं बघितलं. वर्षाली ओरडत होती तेव्हा या बाईनं तोंड उघडून मिटलं होतं, एकदा छताकडं बघून.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? एका शब्दात सुटला असता तुम्ही."

"काय बोलू? माझी अब्रू झाकायला तुम्हा दोघांची उघडी करू? ते पोर वर घाबरून बसलेलं." तिनं तांब्या भरला. "मी म्हटलं, दिगू येईल. आज येईल, उद्या येईल. आपल्या हातचं खाल्लंय त्यानं. तू काही आला नाहीस, मग गेले रक्त द्यायला."

तो बेसिनकडं वळून हात धुवायला लागला.

"बस आता," ती म्हणाली. "जेवून घे. आणि जेवताना मान वर कर."

हिंदुरावनं बाकावर सरकून जागा केली. दिग्विजय बसला. समोर ताट आलं, वाफाळती आमटी, ठेचा, हातावर थापलेली गरम भाकरी. स्वरूपाताई समोर उभी राहून वाढत होती. भाकरी निवत गेली, पण त्याला मान काही वर करता आली नाही.